वाघटेकडीबद्दल तुम्ही विचारलंत

मागच्या अंकात सुझोऊच्या हूच्यू टेकडीवर मी दोन पानं लिहिली होती. हूच्यू म्हणजे वाघटेकडी. चीनच्या जिआंगसू प्रांतात, शांघायपासून रेल्वेने अर्ध्या तासावर कालव्यांचं हे जुनं शहर आहे आणि त्याच्या वायव्येला ही टेकडी. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही तिथे चार वर्षं राहिलो. मी स्वतः स्थापत्य अभियंता. सगळी नोकरी पायाच्या कामात, म्हणजे माती, मुरूम आणि कातळ तपासण्यात गेली. त्यामुळे या टेकडीवर माझा जीव जरा जास्तच जडला. तुमच्या पत्रांतून निवडलेल्या प्रश्नांची उत्तरं देते. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं सत्तरीला टेकलो आहोत. मुलगा शांघायला असतो. त्याच्याकडे जाऊ तेव्हा वाघटेकडी पाहायची फार इच्छा आहे, पण गुडघ्यांमुळे ब्रह्मगिरी सोडूनही कितीतरी वर्षं झाली. जमेल का? – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : नक्की जमेल, दादा. नावात टेकडी असली तरी तिची उंची चाळीस मीटरसुद्धा नाही. पुण्याची पर्वती चढताना लागते तेवढी दमछाकही इथे होत नाही. दारातून आत शिरलं की फरसबंदी वाट सावकाश चढत जाते आणि वाटेत बसायला पुष्कळ जागा आहेत. अशीच चालत ती तुम्हाला ‘हजार माणसांचा कातळ’ म्हणतात त्या मोठ्या उघड्या खडकापर्यंत नेते. तलवारतळं तिथून हाकेच्या अंतरावर आहे. इथवर आलात तरी अर्ध्याहून जास्त टेकडी पाहून झाली असं समजा.

खडी चढण एकच, वर देवळाकडे जाणाऱ्या 53 पायऱ्यांची. हा आकडा मुद्दाम ठेवलेला आहे. गंडव्यूह सूत्र या बौद्ध ग्रंथात सुधन नावाच्या तरुणाची गोष्ट येते. ज्ञानाच्या शोधात तो दक्षिणेकडे निघतो आणि एकामागून एक 53 गुरूंना भेटतो. त्यांत भिक्षू आहेत, राजे आहेत, नावाडी आहे, अत्तरविक्या आहे, गणिका आहे आणि लहान मूलही आहे. इथली एकेक पायरी म्हणजे त्यातला एकेक गुरू. हे मला कळलं त्या दिवसापासून मी तिथे घाईने चढले नाही. तुम्हीही दहा गुरूंनंतर टेका, पाणी प्या, मग पुढच्या दहांना भेटा. गुडघे नाहीच म्हणाले तर टेकडीवरचा जुना मनोरा खालूनच पाहा. तो खालूनही चांगला दिसतो. नाहीतरी त्याच्या आत वर चढायला कोणालाच परवानगी नाही.

प्रश्न : टेकडीवरचा मनोरा कललेला आहे असं तुम्ही लिहिलंत, पण तो मुळातच तिरका बांधला की नंतर कलला हे सांगितलं नाहीत. आणि हजार वर्षांत तो पडला कसा नाही? मी बांधकाम ठेकेदार आहे, म्हणून विचारतो. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात द्यायची माझी इच्छाच नाही, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

मनोऱ्याचं काम 959 साली सुरू झालं आणि 961 मध्ये पुरं झालं. म्हणजे पिसाच्या मनोऱ्याचा पहिला दगड बसला, तेव्हा हा दोनशे वर्षांहून जुना झालेला होता. अष्टकोनी, सात मजली, उंची 47 मीटरहून थोडी जास्त. सगळं वीटकाम, आणि विटांच्या सांध्यांत पिवळी माती. बाहेरून आठ जाड खांब, आत चार, आणि दोन्हींच्या मधून फिरणारी वाट. वीटच, पण तिला लाकडाचा आकार दिला आहे. आपल्या कारागिरांनी भाजे-कार्ल्याला दगडात लाकडी कमानी कोरल्या, तशी इथे विटांत लाकडी तुळयांची आणि कंसांची नक्कल आहे. पूर्वी प्रत्येक मजल्याला खऱ्या लाकडाच्या वळचणी होत्या. वेळोवेळी लागलेल्या आगींत त्या गेल्या. आज दिसते ती उघडी वीट.

आता कल. तुम्ही ठेकेदार आहात, एका वाक्यात समजेल. खाली तिरका कातळ आहे, त्यावर दगडमातीचा भराव आहे, आणि भरावाची जाडी एका बाजूला कमी तर दुसऱ्या बाजूला जास्त आहे. त्या भरावावर खांब जवळजवळ थेट उभे केले. पाया रुंद करून भार पसरवायला हवा होता, तो पसरवलेला नाही. हजारो टनांचा बोजा. ईशान्येकडे भराव जाड, म्हणून तिकडची बाजू जास्त खचली आणि मनोरा तिकडे झुकला. मी नोकरीत नवी होते तेव्हा कोकणातल्या एका गावात पाण्याच्या टाकीचं हेच झालेलं पाहिलं होतं. अर्धी टाकी कातळावर, अर्धी भरावावर. दोन पावसाळ्यांत तिला अशी भेग गेली की हात आत जावा. ती टाकी पाडावी लागली. हा मनोरा उभा आहे.

तो मुद्दाम तिरका बांधलेला नाही, पण कल वाढत असताना माणसं स्वस्थही बसली नाहीत. 1638 मध्ये सातवा मजला नव्याने बांधला, तेव्हा गवंड्यांनी तो झुकलेल्या बाजूच्या उलट दिशेला किंचित वळवून चढवला. म्हणून मनोरा सरळ रेषेत तिरका नाही, त्याला बाक आहे. पिसालाही वरचे मजले असेच उलट बाजूला सावरत नेले होते. दोन्हीकडच्या गवंड्यांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नसेल, पण ओळंबा दोघांच्याही हातात होता.

एकदा मीही ओळंबा करून पाहिला. पर्समधल्या दोऱ्याला घराची किल्ली बांधली, हात लांब केला आणि एक डोळा मिटून दोरा मनोऱ्याच्या कडेला लावला. खालच्या मजल्यांपासून वर जाताना कड दोऱ्याला सोडून दूर दूर जाते आणि अगदी शेवटी थोडी माघारी वळल्यासारखी दिसते. माथा पायाच्या मध्यापासून सुमारे 2.3 मीटर सरकला आहे. दुरून जाणवत नाही, दोरा लावला की पोटात खड्डा पडतो.

पडला कसा नाही, याचं उत्तर गेल्या शतकातल्या लोकांच्या कष्टांत आहे. 1956-57 मध्ये मजल्यामजल्याला पोलादी पट्टे आवळले. ती जखमेवरची पट्टी होती, दुखणं पायात होतं. मग 1981 ते 1986 या काळात खरं काम झालं. मनोऱ्याभोवती, त्याला धक्का न लावता, कातळापर्यंत 44 खड्डे खणून काँक्रीटच्या खांबांचं कडं उभं केलं. भराव बाहेर निसटू नये म्हणून हे कुंपण. मग भरावात सिमेंटचं पाणी दाबून भरलं आणि पावसाचं पाणी आत मुरू नये असा थर वर घातला. कललेल्या, भेगाळलेल्या इमारतीच्या कुशीत एकेक खड्डा खणायचा, तो भरायचा, मोजमाप घ्यायचं आणि मगच पुढच्याला हात लावायचा. हे काम करणाऱ्यांना रात्री झोप कशी लागत असेल, याचा मी तिथे उभी राहून बरेचदा विचार केला आहे. मनोरा सरळ करायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. आहे तसा धरून ठेवला. माझ्या मते तेच बरोबर होतं.

प्रश्न : तलवारतळ्याखाली राजाची कबर आहे म्हणता, तर चीन सरकारने ती आजवर उघडली का नाही? मातीच्या सैनिकांसारखं काहीतरी सापडलं असतं. – इतिहासाचे एक शिक्षक, सातारा

उत्तर : सर, आधी राजाची ओळख, कारण बाकी वाचकांना ती लागेल. वू राज्याचा राजा हल्यू. सुझोऊ शहर त्याच्याच काळात, इ.स.पू. 514 मध्ये वसवलं गेलं असं मानतात. युद्धशास्त्रामुळे आपल्याकडेही नाव ठाऊक असलेला सून त्झू परंपरेप्रमाणे याच्याच दरबारी होता. हल्यू गादीवर आला तो आधीच्या राजाचा खून करवून. मेजवानीत वाढलेल्या शिजवलेल्या माशाच्या पोटात खंजीर लपवला होता. पुढे युए राज्याशी लढताना तो जखमी झाला आणि इ.स.पू. 496 मध्ये वारला. मुलगा फूचाय याने त्याला या टेकडीत पुरलं असं परंपरा सांगते. जुन्या ग्रंथांत वर्णन आहे की तांब्याची तिहेरी शवपेटी, पाऱ्याचं तळं आणि सोबत तीन हजार तलवारी. तो माशातला खंजीरही त्यांतच. पुढे छिन शी ह्वांग, म्हणजे मातीचे सैनिक ज्याचे तो सम्राट, तलवारींच्या शोधात इथे येऊन खणून गेला आणि नंतर सुन छ्वान या राजानेही खणलं, अशी कथा आहे. हाती काही लागलं नाही. खणलेल्या जागी पाणी साचलं, तेच तलवारतळं.

प्रत्यक्षात ते दोन उभ्या कड्यांमधलं अरुंद, लांबट, काळंशार पाणी आहे. एका गोल दारातून आत जायचं. आत पाऊल टाकताच उन्हाळ्यातही अंगावर गारवा येतो आणि माणसं आपोआप हळू बोलू लागतात. डोक्यावरून एक दगडी पूल जातो. त्याला दोन भोकं आहेत, देवळासाठी पोहरे सोडून पाणी शेंदायची.

1512 मध्ये हे तळं आटलं. तेव्हाचे मोठे पंडित वांग आओ आणि चित्रकार थांग यिन खाली उतरले, त्यांना दारासारखं काहीतरी दिसलं आणि त्यांनी तसं कातळावर कोरून ठेवलं. मग पाणी परत भरलं. 1955 मध्ये गाळ उपसला तेव्हा उत्तरेच्या टोकाला, एरवी पाण्याखाली असलेली ती उंच त्रिकोणी फट पुन्हा दिसली. आत अरुंद वाट आणि शेवटी मोठ्या शिळांनी बंद केलेलं तोंड. शिळा माणसांनी बसवलेल्या आहेत हे उघड होतं.

आणि तिथेच थांबले, सर. वर तो मनोरा आहे ना! शिळा काढल्या, पाणी कायमचं हटवलं, टेकडीच्या पोटात पोकळी उघडली, तर आधीच झुकलेल्या मनोऱ्याचं काय होईल याची हमी कोण देणार? म्हणून तळं पुन्हा पाण्याने भरू दिलं. हल्यू आत आहे की नाही, हे सिद्ध झालेलं नाही.

तुमची उत्सुकता मला कळते, मीही खणण्यातली बाई आहे. पण या टेकडीवर मला सगळ्यांत जास्त आदर वाटतो तो याच निर्णयाचा. समोर अडीच हजार वर्षांचं दार, हाताच्या अंतरावर, कदाचित आत तलवारी, आणि माणसं पाणी सोडून देऊन निघून जातात, कारण वर एक जुनी वीट आहे. असं थांबायचं धाडस भल्याभल्यांना होत नाही. आपल्याकडे गुप्तधनाच्या नादापायी किती वेशी, किती समाध्या, किती गडांवरची टाकी उकरली गेली, हे साताऱ्यात राहणाऱ्याला मी वेगळं काय सांगू.

काही सापडलंच नाही असंही नाही. 1956-57 च्या दुरुस्तीत मनोऱ्याच्याच पोटात लपवलेल्या वस्तू निघाल्या. पोथ्या ठेवायची लाकडी पेटी निघाली, तिच्यावर 961 सालचा उल्लेख होता. मनोऱ्याचं वय इतकं नेमकं सांगता येतं ते त्यामुळे. आणि निघाला कमळाच्या आकाराचा एक हिरवट चिनीमातीचा वाडगा, खाली त्याच आकाराची बैठक. तो आता सुझोऊच्या संग्रहालयात आहे. टेकडी पाहून झाल्यावर तो बघायलाच हवा. शेवाळाखालच्या स्वच्छ पाण्याचा असतो ना, तसा त्याचा रंग आहे.

प्रश्न : जय भीम ताई. दगडांनी मान डोलावल्याची गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकलीत. तो भिक्षू कोण होता, आणि त्याचा आपल्या धम्माशी काय संबंध? – एक वाचक, नागपूर

उत्तर : जय भीम. तुमची तक्रार रास्त आहे. ती गोष्ट एका ओळीची नव्हतीच.

भिक्षूचं नाव दाओशेंग. पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा काळ. बौद्ध ग्रंथांचा मोठा भाषांतरकार कुमारजीव, त्याच्या हाताखाली हा शिकलेला. त्या सुमारास महापरिनिर्वाण सूत्राचा एक भाग फाश्यान या चिनी यात्रेकरू भिक्षूने भारतातून चीनला नेला होता आणि 418 मध्ये त्याचं भाषांतर झालं होतं. ‘इच्छन्तिक’ हा शब्द त्यात येतो. ज्यांची कुशल मुळंच तुटली आहेत, ज्यांना बोधी कधीच मिळणार नाही असं मानलं गेलं, अशी माणसं म्हणजे इच्छन्तिक. त्या अपुऱ्या भाषांतरावरून पंडितांनी ठरवलं की या लोकांना दार बंद. दाओशेंग म्हणाला, असं होऊच शकत नाही. बुद्धत्वाचं बीज प्रत्येकात आहे, त्यांच्यातही आहे. पोथी दाखव, म्हणाले. पोथी त्याच्याकडे नव्हती. 428 च्या सुमाराला त्याला राजधानीतल्या संघातून घालवून दिलं.

तो या टेकडीवर आला. ऐकायला माणूस नव्हता, म्हणून त्याने दगड मांडले आणि त्यांना सूत्र समजावून सांगितलं. इच्छन्तिकांपाशी आला तेव्हा विचारलं, मी म्हणतो ते बुद्धाच्या मनातलंच आहे ना? आणि दगडांनी मान डोलावली. चिनी भाषेत आजही कोणी फार पटेल असं बोललं की ‘हट्टी दगडही मान डोलावतील’ असं म्हणतात. आपण दगडाला पाझर फुटला म्हणतो, त्याच्याच जवळचं.

पुढचा भाग दंतकथा नव्हे, इतिहास आहे. धर्मक्षेम नावाच्या भारतीय भिक्षूने वायव्य चीनमध्ये त्याच सूत्राचं मोठं, 40 विभागांचं भाषांतर 421 मध्ये पुरं केलेलं होतं. ते दक्षिणेला पोचायला काही वर्षं गेली. पोचलं, उघडलं, तर त्यात स्वच्छ लिहिलेलं की इच्छन्तिकांमध्येही बुद्धत्व आहे. ज्याला हाकललं, तोच बरोबर होता. 434 मध्ये लू पर्वतावर धर्मासनावरून प्रवचन देता देता दाओशेंग गेला.

हजार माणसांच्या कातळाच्या कडेला एक छोटं कमळतळं आहे आणि त्यात एक दगड, किंचित पुढे वाकलेला. तोच तो मान डोलावणारा. पहिल्या खेपेला मी नुसता फोटो काढून पुढे गेले होते. गोष्ट नीट वाचून पुन्हा गेले, तेव्हा तिथून उठवेना. कोणालाही बाहेर ठेवता येणार नाही हे सांगण्यासाठी एक माणूस स्वतः बाहेर बसला, ती ही जागा. तुम्ही गेलात तर तिथे वेळ द्या. सकाळी 7.30 च्या सुमाराला दार उघडतं. लवकर पोचलात तर थोडा वेळ तो दगड एकट्या तुमचा असतो.

प्रश्न : मी पुण्यात चिनी भाषा शिकते, तिसरं वर्ष. तळ्यापाशी कोरलेल्या अक्षरांबद्दल काही म्हण आहे असं आमच्या मॅडम म्हणाल्या. कोणती? – एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : ‘च्या हूच्यू, चन च्यान्छ’. हूच्यू खोटी, तलवारतळं खरं. गोल दाराशेजारी भिंतीत ‘हूच्यू च्यान्छ’ अशी चार मोठी अक्षरं आहेत. ती थांग काळातला नामांकित सुलेखनकार यान जेनचिंग याच्या घराण्याच्या हातची मानतात. त्यातली पहिली दोन, म्हणजे ‘हूच्यू’, झिजून गेली आणि मिंग काळात, म्हणजे चौदाव्या ते सतराव्या शतकात, एका कारागिराने पुन्हा कोरली. ‘च्यान्छ’ ही दोन जुनी राहिली. म्हणून ही म्हण. लोक मात्र तिचा दुसरा अर्थ लावतात, की टेकडी वरवरची, खरी गोष्ट तळ्याखाली आहे.

बेटा, तू शिकते आहेस तर एक कर. चारही अक्षरं वहीत उतरवून घे, फोटो नको. उतरवताना तुला आपोआप कळेल की पहिल्या दोघांचा हात वेगळा आहे. मला चिनी वाचता येत नव्हतं, तरी कळलं.

प्रश्न : तिथलं सगळं अलीकडे नवं बांधून पर्यटकांसाठी जुनं म्हणून दाखवतात, असं ऐकलं आहे. खरं काय? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : काही नवं आहे, आणि ते लपवलेलंही नाही. 1860 मध्ये चिंग राजवटीविरुद्ध उठलेल्या थाइपिंग बंडखोरांनी सुझोऊ घेतलं, त्या धामधुमीत टेकडीवरच्या इमारती जळाल्या. बरेचसे मंडप आणि दालनं त्यानंतरची आहेत. डोंगरउतारावरची छोटी बाग 1884 ची. दक्षिण बाजूचा बोन्साय बगिचा तर 1982 चा, जरी त्यातली काही झाडं शेकडो वर्षांची असली. पण मनोरा 961 चा आहे. आणि दुसरं दार, ज्याला ‘तुटक्या तुळईचं दालन’ म्हणतात, ते 1338 चं आहे. त्याच्या आढ्याची मुख्य तुळई अखंड नाही, दोन तुकड्यांची आहे, आणि ते दोन तुकडे मधल्या जोडकामावर तोललेले आहेत. लोक त्याच्याखालून बोलत बोलत निघून जातात. तुम्ही थांबा आणि मान वर करा.

जे पुन्हा बांधलं ते खोटं, असं मला वाटत नाही. म्हापशाचं बोडगेश्वराचं देऊळही नव्याने सजतं. जागा, वाट आणि लोकांची ये-जा टिकली की वास्तूचा बराच भाग टिकतो.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. तिथे उपाशी राहावं लागेल का? आणि जायचं कसं? – तीन पत्रं : डोंबिवली, सांगली, इंदूर

उत्तर : उपाशी राहणार नाही, पण सावध राहा. साध्या पालेभाजीतही डुकराची चरबी असू शकते, सुपाचं पाणी हाडांचं असू शकतं. ‘वो छ्र सू’, मी शाकाहारी आहे, हे चिनी अक्षरांत लिहून फोनमध्ये ठेवा. सगळ्यांत निर्धास्त जागा म्हणजे टेकडीच्या अलीकडे, शहराच्या बाजूला असलेलं पश्चिम बागेचं बौद्ध मंदिर. तिथल्या भोजनालयात अळंब्या घातलेल्या शेवया मिळतात. दुपारी उशीर करू नका. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनाही मंदिराचं जेवण चालतं.

जाण्याचं म्हणाल तर भारतीयांना चीनचा पर्यटन व्हिसा पुन्हा मिळू लागला आहे. सुझोऊत उतरल्यावर टॅक्सीने थेट टेकडीला जाऊ नका, एवढी माझी विनंती. जुन्या शहराच्या छांग दरवाजापासून शानथांगचा रस्ता धरा. एका बाजूला कालवा, एका बाजूला घरं, आणि हा रस्ता तुम्हाला थेट टेकडीच्या पायथ्याशी सोडतो. कवी बाय ज्यूयी 825 मध्ये सुझोऊचा प्रशासक होऊन आला. टेकडीला जायला चिखल तुडवावा लागतो हे पाहून त्याने कालवा खोदवला आणि निघालेल्या मातीचा बांध घालून रस्ता केला. सुमारे साडेतीन किलोमीटर. चालवत नसेल तर होडी मिळते. होडीतून येताना आधी मनोरा दिसतो, घरांच्या कौलांवर, एका बाजूला झुकलेला.

प्रश्न : काकू, तिथे खरंच वाघ होता का? – इयत्ता पाचवी, कोल्हापूर

उत्तर : राजाला पुरल्यावर तिसऱ्या दिवशी टेकडीवर एक पांढरा वाघ येऊन बसला आणि लोक म्हणाले, हा राखण करायला आलाय. अशी गोष्ट आहे, म्हणून नाव वाघटेकडी. काही जण म्हणतात की टेकडीच बसलेल्या वाघासारखी दिसते. मोठं दार म्हणजे डोकं आणि मनोरा म्हणजे शेपटी. मी लांबून खूप वेळ पाहिलं आणि मला शेपटी दिसली. तू एक चित्र काढून पाठव, डोकं कुठे ते मला दाखव.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावं, आणि आठवण म्हणून काय आणावं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा, त्यांची मोठी सुट्टी असते आणि पाऊल ठेवायला जागा मिळत नाही. त्यानंतरचा ऑक्टोबर उत्तम. हिवाळ्यात बोचरी थंडी असते, पण गर्दी नसते. एकेकाळी त्यांच्या मध्य-शरद सणाच्या पौर्णिमेला रात्री सगळं सुझोऊ हजार माणसांच्या कातळावर चटया टाकून गाणं ऐकायला जमायचं. शेकडो जण एकदम गायचे, मग एकेक गळा मागे पडायचा आणि मध्यरात्रीनंतर एकटा गवय्या उरायचा. मिंग काळातल्या लेखकांनी हे लिहून ठेवलं आहे. शरद ऋतूत गेलात तर त्या कातळावर संध्याकाळी थोडा वेळ बसा.

पण मला विचाराल तर मी जूनमध्ये जाईन, पाऊस आणि उकाडा पत्करून. टेकडीच्या आसपासच्या शेतांत पिढ्यान्‌पिढ्या चहाला वास देण्यासाठी फुलं लावत. त्यांत आपला मोगरा, तोच, दुसरा कोणी नाही. जूनमध्ये म्हाताऱ्या बायका ओल्या फडक्याने झाकलेली टोपली घेऊन रस्त्याकडेला बसतात. टोपलीत अनंताची फुलं, मोगऱ्याच्या कळ्यांचं मनगटात घालायचं कडं, आणि पांढऱ्या सोनचाफ्याच्या लांबट कळ्या, दोन दोन, बारीक तारेत ओवलेल्या, सदऱ्याच्या बटणाला अडकवायला. पहिल्या उन्हाळ्यात त्यातल्या एका आजींना मी खुणेने विचारलं की हे कडं केसांत माळलं तर चालेल का. त्यांनी मला मागे वळवलं, स्वतःच्या केसांतला आकडा काढला आणि माझ्या अंबाड्याला ते कडं घट्ट बसवून दिलं. आकडा परत घ्यायला त्या तयार होईनात.

फूल संध्याकाळपर्यंत तपकिरी होतं, ते ठाण्यापर्यंत पोचणार नाही. मोगऱ्याचा वास दिलेला चहा पोचेल. तो आणा. आकडा माझ्याकडे अजून आहे.